ठोकून बघणं

भरमाण्णा एकतीस वर्षं लोखंड ठोकून बघतो.
हातोडीचा हलका टोला, कान किंचित तिरका,
आणि पंपाचं ते करडं केसिंग बोलतं.
खण्ण म्हणजे भरीव.
थप्प म्हणजे ओतताना आत कुठंतरी हवा अडकली,
वरून काही दिसायचं नाही.
आता एक्स-रेचं मशीन आलंय कोरियाहून.
तेसुद्धा शंका आली की मलाच विचारतंय, असं तो म्हणतो.

मी वर, काचेच्या खोलीत, हिशेबाला.
उद्यमबागेतली ही फाउंड्री
सेऊलच्या पैशानं आता अर्धी त्यांची.
मार्चअखेर मी एक वेगळा कागद भरते:
तीन वर्षांचा सरासरी नफा,
त्याचे दोन टक्के समाजासाठी.
समाज कुठला, ते मालक ठरवतात.

यंदा माझंच गाव ठरलं.
पाणी शुद्ध करायचं यंत्र, पाच रुपयाला वीस लिटर.
पाटीवर कन्नड आणि इंग्रजी बसल्यावर
मराठीचं काय करायचं, यावर दोन मीटिंगा झाल्या,
मग दगडच फूटभर मोठा घेतला.
तो खर्चही मी समाजातच टाकला.

उद्घाटनाला सेऊलच्या बाई आल्या.
आडनाव ओक.
‘म्हणजे आपल्यातल्याच की!’ मालक हसले,
बाईंना कळलं नाही, त्याही हसल्या.
नारळ फुटला, फोटो झाले,
आणि कुणी अडवायच्या आत
त्या शाळेमागच्या जुन्या खाणीकडं चालू लागल्या.

तिथं आमची जळकी वाळू.
अकरा वर्षं, ट्रॉलीवर ट्रॉली,
काळी, हलकी, पावसाळ्यात ओढ्याला सुटणारी.
बाईंनी चिमूटभर उचलली, वास घेतला,
जपून जपून इंग्रजीत विचारलं: ही पुढं कुठं जाते?
मालक माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले,
‘सांग की, विटांना जाती म्हणून.’

मी सांगितलं.

खोटं नव्हतं ते अगदी.
एक ट्रॉली गेली होती चार वर्षांखाली, भट्टीवाल्या दुंडाप्पाकडं.
त्यानं दुसरी मागितली नाही.
बाईंनी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.
चिमटीतली वाळू मात्र त्यांनी झटकली नाही,
कागदात पुडी बांधून पर्समध्ये ठेवली.
मी ते बघितलं. मालकांनी नाही.

गावची विहीर ज्या साली तांबूस झाली
त्याच साली आम्हाला निर्यातीची ढाल मिळाली.
ही दोन वाक्यं
मी कधी एका कागदावर लिहिली नाहीत.

पण हेही लिहायला पाहिजे,
की त्या पैशानं चौऱ्याऐंशी पोरं पर्मनंट झाली,
कोअर शॉपला धूर ओढायचे पंखे बसले,
नागव्वाच्या लेकीची नर्सिंगची फी गेली,
आणि माझ्या घराचा स्लॅब
त्याच लोखंडाच्या पगारावर उभा आहे.
शिव्या द्यायच्या तर कुणाच्या नावानं देऊ?

संध्याकाळी भरमाण्णा नवा निळा जार घेऊन रांगेत.
खोकला आला की जार खाली ठेवायचा,
खोकून झालं की उचलायचा.
पाणी सुटायला वेळ होता.
सवयीनं त्यानं बोटाचं पेर वाकवून
टाकीला एक टोला दिला, कान तिरका.
‘काय म्हणती?’ मी विचारलं.
‘भरूलंय. अजून भरूलंय.’
मग जाता जाता पाटीवर दिला एक,
तीन भाषांच्या बरोबर मधोमध,
थांबला थोडा,
आणि काही न बोलता रांगेत पुढं सरकला.

सोमवारी कागद तयार झाला.
लाभार्थी दोन हजार तीनशे, फोटो सहा.
सही करून फाइल मिटली
तेव्हा माझं मधलं बोट आपोआप वाकलं होतं.
टोला दिला नाही.
शेजारच्या टेबलावर माणसं होती,
ऐकू गेलं असतं.